भंगार ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

भोसरीची शेड असो की कोल्हापूरचे उद्यमनगर, बंद पडलेल्या यंत्रापुढे उभा राहिलेला विक्रेत्याचा प्रतिनिधी हल्ली एकच निकाल देतो : "मॉडेल जुने झाले, पार्ट येत नाहीत, नवीन घेऊन टाका." बहुधा त्याने झाकणाचा एक स्क्रूही काढलेला नसतो, आणि मल्टिमीटर त्याच्या पिशवीबाहेर आलेला नसतो. आरोपीची बाजू न ऐकता दिलेल्या या फाशीच्या शिक्षेला आपल्याकडे 'तांत्रिक सल्ला' असे भारदस्त नाव आहे. आणि सल्ला देणाऱ्याचेच पोट नव्या यंत्राच्या विक्रीवर अवलंबून असते, ही गोष्ट कोणाला खटकत नाही.

या निकालाची सत्यासत्यता तपासावयाची तर त्यासाठी मोठ्या कारखान्यातील कोट्यवधींचे यंत्र कशाला हवे? दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून राबणारा एखादा कामगार संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतः जुळवलेले छोटे सीएनसी राउटर चालवतो असे समजावे. अॅल्युमिनियमची चौकट, तीन स्टेपर मोटारी, त्यांना पावलापावलाने फिरवणारे तीन ड्रायव्हर, मोटारींसाठी वेगळा पॉवर सप्लाय, आणि या सर्वांना हुकूम देणारा, पुण्याच्या जुन्या बाजारातून एखाद्या रविवारी उचललेला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक. या सामग्रीवर तो दारावरच्या पाट्या कोरतो, देव्हाऱ्याची नक्षी काढतो, मित्राच्या फाउंड्रीसाठी एखादे लाकडी पॅटर्न करून देतो. शिष्ट मंडळी याला 'हौस' म्हणतात. हाच शब्द धनिकाच्या गोल्फला लावला की त्याला प्रतिष्ठा येते आणि कामगाराच्या यंत्राला लावला की त्यात टवाळी डोकावते, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.

एके दिवशी संगणकाचे बटण दाबले तर पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. चार खेपांनंतर संगणक सुरू होतो. पण काम अर्ध्यावर आले असता एक अक्ष दोन मिलिमीटर सरकतो आणि पाटीवरचे आडनाव वाकडे होते. 'नवीन घेऊन टाका' हा उपदेश नेमका याच वेळी येतो.

वस्तुस्थिती काय असते? संगणकाच्या पॉवर सप्लायपासून आरंभ करावा. १९९५ साली रूढ झालेल्या 'एटीएक्स' पद्धतीचा हा डबा जगभर एकाच नियमाने चालतो. मदरबोर्डपासून त्याची जोडणी सोडवून हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की तो एकटा सुरू झाला पाहिजे. जांभळ्या वायरवर, बटण न दाबताही, ५ व्होल्ट असले पाहिजेत. पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३; आणि यात पाच टक्क्यांहून अधिक फरक पडता कामा नये. म्हणजे पिवळ्या वायरवर ११.४ व्होल्टच्या खाली काटा गेला तर दोष सापडू लागला असे समजावे. मात्र रिकाम्या डब्यावर घेतलेले माप फसवे असते. मोटारसायकलच्या वा मोटारीच्या १२ व्होल्टच्या दिव्याचा भार त्याच्यावर टाकावा आणि मग मोजावे. बिनभाराचा धडधाकट दिसणारा सप्लाय दिवा लागताच मान टाकतो, हा अनुभव कोणत्याही दुरुस्तीवाल्यास नवा नाही.

मान टाकण्याचे कारणही गूढ नसते. आत उभे असलेले नळकांड्याच्या आकाराचे कपॅसिटर वयोमानाने वाळतात. पण कित्येकदा ते वयाआधीच मेलेले असतात, आणि या अकाली मृत्यूचा इतिहास सांगितलाच पाहिजे. सुमारे १९९९ ते २००७ या काळात बाजारात आलेल्या असंख्य संगणकांत सदोष रसायनाचे स्वस्त कपॅसिटर भरले गेले. त्यांची डोकी फुगली, तळातून तपकिरी द्रव गळू लागला, आणि जगभर लक्षावधी मदरबोर्ड व पॉवर सप्लाय बंद पडले. एका बलाढ्य अमेरिकन संगणक कंपनीला २००५ साली या दुरुस्त्यांसाठी आपल्या हिशेबात सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. बड्या ग्राहकाला बदली मदरबोर्ड मिळाले. भारतातल्या छोट्या ग्राहकाच्या वाट्याला काय आले? 'जुना झाला, टाकून द्या' हेच शब्द. वास्तविक फुगलेले आठ-दहा कपॅसिटर काढून त्याच मापाचे, १०५ अंश तापमानाला टिकणारे नवे बसवणे हे आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलालाही येणारे काम आहे. मालाचा खर्च एखाद्या साध्या जेवणाइतका.

इथे एक इशारा टाळून चालणार नाही. २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या या डब्याच्या पोटात सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. रोधक लावून तो उतरवल्याखेरीज आणि मल्टिमीटरने खात्री केल्याखेरीज आत बोट घालणे म्हणजे आत्मघात. जुन्या डब्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० यांपैकी एक निवडण्याचे लाल बटण असते; ते चुकून ११५ वर राहिले तर स्फोट होतो. दुरुस्तीचा पुरस्कार करणाऱ्याने या धोक्यांकडे डोळेझाक केली तर तो कामगारांशी द्रोह ठरेल. परंतु धोक्याचे उत्तर शिक्षण हे आहे. झाकण कायमचे चिकटवून टाकणे आणि वर 'आपल्या सुरक्षिततेसाठी' अशी चिठ्ठी लावणे हे उत्तर ज्यांच्या सोयीचे आहे, त्यांनीच ते शोधले आहे.

डबा दुरुस्त झाला, संगणक सुरू झाला, तरी अक्ष सरकण्याचे दुखणे उरतेच. आता संशय मदरबोर्डवरच्या बॅटरीकडे वळतो. ३ व्होल्टची ही नाण्याएवढी बॅटरी मेली की संगणक तारीख विसरतो. सोबत आपल्या मूळ मांडणीतले बदलही विसरतो. ज्या पंचवीस टाचण्यांच्या पॅरलल पोर्टातून मोटारींना हुकूम जातात, त्याची जुळवलेली पद्धत पुसली जाते आणि कारखान्यातून आली तशी परत बसते. वीज बचतीच्या ज्या सोयी मुद्दाम बंद केलेल्या असतात, त्या पुन्हा जाग्या होतात. यंत्र चुकू लागते आणि मालक मोटारी बदलीत बसतो! किराणा दुकानात मिळणाऱ्या बॅटरीच्या अभावी अख्खे यंत्र भंगारात गेल्याची शक्यता मुळीच काल्पनिक नाही.

बॅटरीने भागले नाही तर पोर्टातून बाहेर पडणारा संकेत मोजावा. पाच व्होल्ट अपेक्षिणाऱ्या ड्रायव्हरला काही नंतरचे संगणक साडेतीन व्होल्टांहूनही कमी देतात, आणि मग काही पावले पोचतात, काही वाटेत हरवतात. त्यानंतर संगणकाचा वक्तशीरपणा तपासावा. हुकूम किती उशिराने निघतो हे मोजणारी चाचणी लिनक्स-सीएनसी या मुक्त प्रणालीत तयारच असते. सर्वांत मोठा उशीर वीस मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर संगणक उत्तम. शंभराच्या पुढे गेला तर या कामास निरुपयोगी. गंमत अशी की या परीक्षेत दिमाखदार नवा लॅपटॉप पुष्कळदा नापास होतो, कारण वीज वाचवण्याच्या खटाटोपात तो मधूनमधून डुलकी घेतो; आणि जुन्या बाजारातला ओबडधोबड टेबल-संगणक पास होतो. जुने ते टाकाऊ आणि नवे ते श्रेष्ठ या जाहिरातबाज समीकरणाला एवढ्या साध्या चाचणीने सुरुंग लागतो.

शेवटी मोटारींचा सप्लाय. तिथे साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर काम सोपे : २४ व्होल्टच्या गुंडाळीतून, शुद्धीकरणानंतर, भाराविना सुमारे ३३ व्होल्ट दिसले पाहिजेत. आधुनिक हलका सप्लाय असेल तर एक निराळाच प्रकार संभवतो. वेगाने फिरणारी मोटार एकदम थांबवली की ती क्षणभर स्वतःच वीज निर्माण करते. ती उलटी येऊन सप्लायचे संरक्षण जागे करते आणि सारे बंद पडते. दोष कोणत्याच वस्तूत नसतो; थांबण्याचा वेग कमी केला की काम होते. आणि वीज चालू असताना मोटारीची वायर सोडवू नये, नाहीतर ड्रायव्हर जागीच जळतो. हे एकदा सांगितले की कोणीही विसरत नाही, पण सांगतो कोण?

हा सगळा तपशील पक्षाच्या साप्ताहिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. तपशिलाखेरीज एक राजकीय प्रश्न नीट मांडता येत नाही, म्हणून. हे यंत्र दुरुस्त होऊ शकले ते कशामुळे? १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाचे विद्युत-नकाशे कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते, म्हणून. पॅरलल पोर्टाच्या प्रत्येक टाचणीचे काम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून. पॉवर सप्लायच्या वायरींचे रंग कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, म्हणून. आणि लिनक्स-सीएनसीचे मूळ अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेत, १९९० च्या दशकात, सार्वजनिक पैशाने घडले व सार्वजनिक मालमत्ता म्हणूनच बाहेर पडले, म्हणून. त्याचे मूळ नाव 'ईएमसी' असे होते. एका मोठ्या कंपनीने त्या तीन अक्षरांवर नाममुद्रेचा हक्क सांगितल्याने नाव बदलणे भाग पडले. जनतेच्या पैशाने झालेली वस्तू तिच्या नावासकट जनतेजवळ राहू द्यावी एवढाही दिलदारपणा भांडवलाजवळ नसतो. अमेरिकेच्या भांडवलशाहीतही जे जे दुरुस्त होण्याजोगे आहे, ते मुख्यतः सार्वजनिक ज्ञानावर उभे आहे. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

याच्या शेजारी कारखान्यातील अनेक बंदिस्त नियंत्रक ठेवून पाहावेत. सांकेतिक शब्दाखेरीज आतली मांडणी दिसत नाही. सुटा भाग बदलला तरी कंपनीच्या माणसाने त्याला 'ओळख' दिल्याखेरीज यंत्र हलत नाही. नकाशा मागितला तर व्यापारी गुपित. यंत्राचे पैसे मालकाने मोजलेले, ते चालवण्याचे कसब कामगाराचे. तरीही ते उघडण्याचा अधिकार तिसऱ्याचाच!

ही व्यवस्था तंत्राच्या स्वभावातून आपोआप उगवली, असे सांगितले जाते. ते खरे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वयंचलित यंत्रांचे दोन मार्ग खुले होते. एका मार्गात कुशल कामगार पहिला नग हाताने करीत असे, त्याच्या हालचाली फितीवर नोंदल्या जात, आणि पुढचे नग यंत्र त्या नोंदीवरून करीत असे. कसब कामगाराचेच राही. दुसऱ्या मार्गात कचेरीतल्या अभियंत्याने आकड्यांत लिहिलेला हुकूम यंत्राकडे जाई आणि कामगार बटण दाबणारा उरे. अमेरिकन हवाई दलाचा पैसा दुसऱ्या मार्गामागे उभा राहिला आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत त्याचे प्रात्यक्षिक झाले. कारखान्यातील सत्ता कोणाकडे राहावी हा विचार त्या निवडीत कसा काम करीत होता, हे डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या १९८४ सालच्या ग्रंथात सविस्तर दाखवले आहे.

त्याच १९५२ साली पचमढीच्या समाजवादी अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहिया अध्यक्षपदावरून छोट्या यंत्राची कल्पना मांडीत होते. भांडवलशाही आणि साम्यवाद दोघांनीही महाकाय यंत्राचा एकच देव्हारा माजवला आहे. भारतासारख्या देशाला गावात, घरात, विजेवर चालणारे आणि चालवणाऱ्याच्या ताब्यात राहणारे यंत्र हवे, असा त्यांचा आग्रह होता. लोहियांची थट्टा करणाऱ्यांत आपले म्हणवणारेही कमी नव्हते. परंतु पत्र्याच्या खोलीत, जुन्या संगणकावर, मुक्त प्रणालीने चालणारे आणि मालकाला स्वतः उघडता येणारे सीएनसी राउटर हे त्या कल्पनेच्या जितके जवळ जाते, तितके जवळ सरकारी योजनांतले एकही 'लघुउद्योग उपकरण' जाताना दिसत नाही.

या छोट्या यंत्राचा गळा आता दुसऱ्या बाजूनेही आवळला जात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार कंपनीने काढून घेतला, आणि तिच्या पुढच्या आवृत्तीला लागणाऱ्या अटींत न बसणारे चालू स्थितीतले असंख्य संगणक एका तारखेने 'कालबाह्य' ठरले. त्यांच्या एका तरी कपॅसिटरला त्या दिवशी काही झाले होते काय? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाली. उरलेल्याचे काय होते, हे सीलमपूरच्या गल्ल्यांत तारा जाळून तांबे काढणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांना विचारावे.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. जे केले ते नेहमीप्रमाणे अर्धे आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रे निवडली : शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. कारखान्यातले यंत्र या यादीत कुठे आहे? ज्या यंत्रावर कोट्यवधी लोकांची भाकर अवलंबून आहे, ते 'ग्राहकोपयोगी वस्तू' नाही, म्हणून त्याच्या मालकाला व कामगाराला नकाशा मागण्याचा हक्क नाही, असा हा न्याय. आणि निवडलेल्या चार क्षेत्रांतही सक्तीचा कायदा न करता कंपन्यांनी आपली माहिती स्वेच्छेने एका संकेतस्थळावर ठेवावी, एवढ्यावर गाडी अडली. सुसरबाई तुझी पाठ मऊ! स्वेच्छेचा अनुभव या देशाला आहे. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना नाकारल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. दंडाचा आकडा डोळे दिपवणारा, पण लढाई त्यानंतर वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्यांवर रेंगाळली आणि स्वतंत्र मेकॅनिक होता तिथेच राहिला. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीबाबतचा निर्देश संमत केला, तो तरी उत्पादकावर कायदेशीर बंधन घालतो. आपल्याकडे बंधन ग्राहकावर आणि आवाहन कंपनीला.

डाव्या आणि समाजवादी चळवळीनेही या बाबतीत आपल्या हिशेबाची वही उघडावी. १९६० च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला रोखण्यासाठी पहारा दिला. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली संगणकांच्या वापरावर मर्यादा घालणारा करार केला. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती आणि त्या लढ्यांची कुचेष्टा करणाऱ्यांत शहाणपणापेक्षा वर्गद्वेषच अधिक होता. पण संगणक येऊ द्यावयाचा की नाही एवढ्यावरच चळवळ थांबली. आल्यावर त्याचे झाकण कोण उघडणार, त्याचा नकाशा कोणाच्या हाती राहणार, हे कोणी विचारलेच नाही. प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून उत्तर कंपन्यांनी लिहून टाकले. आजही कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत बोनस असतो, महागाई भत्ता असतो. ज्या यंत्रावर सभासद आयुष्य काढतो त्याचे दुरुस्ती-पुस्तक मराठीत मिळावे ही मागणी शोधून सापडणार नाही.

ती मागणी करावयास कोणत्याही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. सरकारी पैशाने, अनुदानाने वा सवलतीच्या कर्जाने घेतलेल्या प्रत्येक यंत्रासोबत विद्युत-नकाशा, सुट्या भागांची यादी आणि नियंत्रकाचे सांकेतिक शब्द खरेदीदाराच्या स्वाधीन झालेच पाहिजेत, अशी अट खरेदीच्या करारात घालता येते. दुरुस्ती-हक्काच्या यादीत यंत्रसामग्रीचे पाचवे क्षेत्र जोडण्याचा प्रश्न खासदारांना संसदेत विचारता येतो. कंपनीने आधार काढून घेतलेल्या प्रणालीच्या जागी मुक्त प्रणाली बसवून देण्याचे शिबिर पक्षाच्या कोणत्याही तालुका कचेरीत, दोन टेबले आणि चार मल्टिमीटर एवढ्या भांडवलावर भरवता येते. जुन्याची आंधळी पूजा करण्याचा हा कार्यक्रम नव्हे. मदरबोर्डच जळला असेल, सप्लायची पाटी करपली असेल, तर तो टाकलाच पाहिजे. फक्त तो निर्णय मोजमाप घेऊन व्हावा आणि ज्याला नवे विकावयाचे आहे त्याने तो देऊ नये.

आणि सर्वांत जवळचे काम सरकारी कचेऱ्यांत पडून आहे. जिल्हा परिषदा, महामंडळे आणि महाविद्यालये यांतून निर्लेखित झालेले संगणक लिलावात किलोच्या भावाने विकले जातात. त्यातल्या किती डब्यांत केवळ एक बॅटरी आणि चार कपॅसिटर मेले आहेत, हे लिलावापूर्वी तपासण्याची तसदी कोण घेतो? हे संगणक लिलावाऐवजी त्याच जिल्ह्यातील आयटीआयकडे द्यावेत आणि इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या मुलांनी ते दुरुस्त करून टर्नर व मशिनिस्टच्या मुलांच्या छोट्या यंत्रांना जोडावेत, असा ठराव करणे जिल्हा परिषदेतील पक्षाच्या सभासदांना येत्या सर्वसाधारण सभेत शक्य आहे. ठरावास विरोध कोण करतो ते पाहावे, आणि त्याचे नाव लिहून ठेवावे.